विटीदांडूतील गणती आणि प्राथमिक शाळेतील मापन

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या खेळल्या गेलेल्या खेळांत विटीदांडूइतका अल्पखर्ची खेळ क्वचितच आढळेल. बाभळीच्या फांदीचा दीड-दोन फूट लांबीचा दांडू, त्याच लाकडाची दोन्ही टोकांस निमुळती केलेली, वितीहून लहान विटी आणि जमिनीत उकरलेली लांबट गल, एवढ्या साहित्यावर मुलांची सारी दुपार निघून जाते. विकत आणावे असे त्यात काहीच नाही.

गलीवर आडवी ठेवलेली विटी दांडूने कोलावयाची. समोरच्या गड्यांनी ती वरच्यावर झेलली तर खेळणारा बाद होतो. झेलता आली नाही, तर गलीवर आडव्या ठेवलेल्या दांडूवर ती नेमकी मारून त्यास बाद करण्याची संधी त्यांना मिळते. त्यातूनही निभावलेला गडी विटीच्या टोकावर हलका आघात करून ती उसळवितो आणि हवेत असतानाच टोला हाणतो. विटी जेथे पडेल तेथपासून गलीपर्यंतचे अंतर दांडूने मोजले जाते. शिक्षणदृष्ट्या या खेळाचा मोलाचा भाग येथून सुरू होतो. परंतु खेळाचे वर्णन करणारे बहुधा टोल्यापाशीच थांबतात.

मोजणी एक, दोन, तीन अशी होत नाही. ती ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ अशी होते. तेलुगू भाषेत एक ते चार या संख्यांना ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु म्हणतात. दोहोंतील साम्य दाखविण्यास पंडिताची गरज नाही. इयत्ता चौथीतील मुलगाही ते कानाने ओळखील. पुष्कळ गावी पाचव्या स्थानी ‘आर’ येतो. तेलुगूत व कन्नडमध्ये ‘आरु’ म्हणजे सहा. म्हणजे मुलांच्या तोंडी मूळ पाच गळाला आणि सहा त्याच्या जागी येऊन बसला. पुढील दोन शब्द ‘वेद’ व ‘झक्कू’ असे पुष्कळदा ऐकू येतात, पण तेथे गावागणिक पाठभेद आहेत. कोणत्याही क्रमिक पुस्तकाने न शिकविता, केवळ मोठ्या मुलांकडून लहान मुलांकडे, ही शेजारभाषेची गणती मराठी मुलांनी जपून ठेवली आहे.

जेथे ही गणती सातांची आहे तेथे सातव्या दांडूनंतर पुन्हा ‘वकट’ सुरू होतो. मोजणी ज्या शब्दावर संपेल त्यावरून पुढचा टोला कसा मारावयाचा हे ठरते. एखाद्या शब्दाला विटी पायावर ठेवून उडवावयाची, एखाद्याला मुठीवर, एखाद्याला डोळ्यावर. गणिताच्या भाषेत सांगावयाचे तर अंतरास सातांनी भागले जाते, भागाकार गुणांत जमा होतो आणि बाकीवरून पुढील खेळी ठरते. सदतीस दांडू भरले तर पाच वेळा सात पूर्ण होऊन लेंड उरतो. फळ्यावर ‘बाकी’ या शब्दापाशी अडखळणारा विद्यार्थी मैदानावर तीच बाकी क्षणात सांगतो, कारण तेथे तिच्यावर त्याचा डाव अवलंबून असतो.

मापनाच्या पाठासही दांडू तितकाच उपयोगी आहे. तीस मीटर अंतर साठ सेंटिमीटरांच्या दांडूने मोजल्यास पन्नास दांडू भरतात व शेवट वकटावर होतो. तेच अंतर पन्नास सेंटिमीटरांच्या दांडूने साठ भरते व शेवट नालावर होतो. अंतर बदलले नाही, तरी खेळी बदलली. दोन्ही पक्षांनी एकाच दांडूने का मोजावे यावरून मुलांत वाद होईल, तो शिक्षकांनी होऊ द्यावा. प्रमाणित एककाची आवश्यकता त्या वादातून जितकी स्पष्ट होते तितकी व्याख्येतून होत नाही. काही ठिकाणी टोला मारणारा गडी न मोजताच अंतराची मागणी करतो आणि प्रतिपक्षास ती अमान्य असेल तरच मोजणी होते. अंदाज बांधण्याचा याहून चांगला अभ्यास शोधून सापडणार नाही.

असे असूनही हा खेळ मागे पडत चालला आहे. १९८३ च्या विश्वचषकानंतर क्रिकेट खेड्यांतही सर्वत्र पोहोचले, हे एक कारण झालेच. मळणीयंत्रे आल्यावर खळी गेली, गायराने आक्रसली, आणि सुगीनंतर मुलांना मोकळी मिळणारी जागा राहिली नाही. कबड्डी व खोखो यांस विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच निश्चित नियम लाभले. कबड्डी १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत गेली, खोखोची विश्वचषक स्पर्धा २०२५ मध्ये नवी दिल्लीत भरली. विटीदांडूचे नियम मात्र दर दोन कोसांवर बदलत राहिले. स्पर्धेच्या दृष्टीने हे वैगुण्य खरे. स्थानिक भाषेच्या अभ्यासकास तेच वैभव वाटेल.

पालकांचा एक आक्षेप मात्र डावलण्याजोगा नाही. विटीमुळे मुलांच्या डोळ्यांस गंभीर इजा होतात. नेत्ररुग्णालयांच्या नोंदींत या खेळाचा उल्लेख वारंवार येतो. शाळेत खेळ घेताना विटीची टोके बोथट व गोलसर असावीत, झेलणाऱ्या गड्यांनी पुरेशा अंतरावर उभे राहावे, पाहणारी मुले टोल्याच्या दिशेस मुळीच नसावीत आणि डोळ्यावरून विटी उडविण्याची खेळी वर्ज्य करावी. मुलींना या खेळापासून दूर ठेवण्याची जुनी रीत शाळेत पाळण्याचे कारण नाही.

ज्यांनी हा खेळ मनसोक्त खेळला अशी माणसे अद्याप गावोगाव आहेत. इयत्ता चौथी व पाचवीच्या विद्यार्थ्यांकरवी घरातील व शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारून गावची गणती लिहून घ्यावी. शब्द ऐकू येतील तसेच लिहावेत, ‘शुद्ध’ करू नयेत. गणती पाचांची, सहांची की सातांची, प्रत्येक शब्दाला विटी कोठे ठेवीत, सांगणाऱ्याचे बालपण कोणत्या गावी गेले, एवढे टिपून ती वही शाळेच्या दप्तरी ठेवावी. शेजारच्या गावाची वही मिळवून दोन्हींतील शब्द वर्गात समोरासमोर मांडावेत.