गोळी चालू आहे ना?

राहुल,

परवा तुझ्या आईचा फोन आला. म्हणाली, "ताई, पोराचा सीडी-फोर छान आला. आता एचआयव्हीची गोळी अधूनमधूनच घेतो, इम्युनिटीची पावडर सुरू केलीय." तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. खरं सांग, गोळी बंद तर केली नाहीस ना?

अरे, सीडी-फोर, म्हणजे प्रतिकारपेशींचा आकडा, वाढला तो गोळीमुळेच! पावडर विकणारा काहीही सांगेल. गोळी थांबली की दबलेला विषाणू काही आठवड्यांत पुन्हा वाढतो, आणि चुकतमाकत घेतली तर औषधालाच दाद देईनासा होऊ शकतो. महिन्याचे तीन हजार त्या डब्यावर घालतोस आणि जी जगवते ती फुकटची म्हणून हलकी वाटते?

डब्याचा फोटो मी आईकडून मागवला. कॅल्शियम, लोह, झिंक, वर गुळवेल. तुझ्या टीएलडी गोळीत डोल्युटेग्राविर आहे. हे क्षार पोटात त्याला धरून ठेवतात, औषध रक्तात पुरतं उतरत नाही. म्हणून असलं काही घ्यायचंच तर गोळी त्याआधी दोन तास, नाहीतर नंतर सहा तासांनी. पित्तावरच्या मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियमच्या अँटासिडलाही हेच लागू. गुळवेलीनं काहींच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलंय.

मी वॉर्डात नवी होते तेव्हा ही गोळी नव्हती रे. सरकारनं मोफत औषध सुरू केलं २००४ च्या एप्रिलात. त्याआधी तुझ्याच वयाची पोरं यायची, आम्ही सलाईन लावायचो, तोंडातले छाले पुसायचो. एकानं विचारलं होतं, "सिस्टर, काहीच नाही का?" त्याला द्यायला माझ्या हातात काही नव्हतं, याची हळहळ अजून जात नाही. तुझ्या हातात आहे, बेटा.

फार बोलले. रोज तीच गोळी घेऊन जीव कंटाळतो, कळतं मला. रूमवरच्या पोरांना दिसू नये म्हणून बाटलीचं लेबल नखानं खरवडतोस, तेही पाहिलंय. त्यात लाजण्यासारखं तू काही केलेलं नाहीस.

तो डबा फेकू नकोस, पुढच्या तारखेला डॉक्टरांनाच दाखवू. व्हायरल लोडचंही विचारू. मी सोबत येते, मला दवाखान्यातल्या रांगेची सवय आहे. शनिवारी मुक्कामालाच ये, वडाभात करते. पण आज रात्री गोळी घेतलीस की मला एक फोन कर. कितीही वाजू दे, मी जागी असेन.

तुझी,
मोठी मावशी