आटे बसले म्हणून स्विच जमत नाही

नवी पेठेत सणासुदीला गाडी घालायची म्हणजे पहिल्या गिअरमध्ये रांगत जायचं. त्यात एप्रिल-मेचं सोलापूर, पारा चाळिशीपार. हायवेवर वाराच रेडिएटर थंड ठेवतो; पेठेत सगळी भिस्त पंख्यावर, आणि पंख्याची त्याच्या थर्मो स्विचवर.

आमची जुनी, कार्बोरेटरची ओम्नी चादरींचे गठ्ठे वाहते. तिचा स्विच गेला तेव्हा दुकानातून दुसऱ्याच गाडीचा मिळाला. "बसतंय की मालक!" आटे खरोखरच बसले. पुढे ऐन गर्दीत काटा चढत गेला. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखालीच, त्यामुळे बुडाला चटका बसू लागला, तरी पंखा ढिम्म. लगेच इंजिन बंद केलं म्हणून हेड गॅस्केट वाचलं. स्विच काढून पाहिला, तर त्यावर 100-95 कोरलेलं. जुना त्याच्या बराच आधी लागायचा.

म्हणून सांगतो, आधी आकडे वाचा. 95-90 म्हणजे 95 अंशांना पंखा सुरू, 90 ला बंद. स्विच इंजिनाकडच्या गरम पाण्यात असेल आणि बंद होण्याचा आकडा थर्मोस्टॅट उघडण्याच्या तापमानापेक्षा खाली असेल, तर पंखा थांबतच नाही. जागाही बघा. रेडिएटरच्या खालच्या बाजूला पाणी निवून आलेलं असतं. तिथला स्विच कमी आकड्याचा लागतो. एकच पिन असेल तर अर्थिंग आट्यांतून मिळतं, तिथे टेप गुंडाळू नका.

नवा घेण्याआधी जुना खरंच गेलाय का, ते तपासा. इग्निशन चालू ठेवून त्याच्या दोन्ही वायर एकमेकींना जोडा. एकच असेल तर बॉडीला टेकवा. पंखा फिरला तर दोष स्विचचा, नाहीतर फ्यूज, रिले, मोटर बघा. एमपीआय, म्हणजे इंजेक्शनच्या गाडीत हा प्रयोग नको. तिथे पंखा सेन्सर आणि कंप्युटर चालवतात.

नवा स्विच बसवण्याआधी पातेल्यात तापवून मल्टिमीटरवर बघा. सोलापूर सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर, इथे साधं पाणी 98-99 अंशांनाच उकळतं. त्यामुळे शंभरचा स्विच त्यात लागणारच नाही.

"पंखा डायरेक्ट करून टाका" हा सल्लाही ऐकू नका. मोटर विनाकारण झिजते आणि कूलिंगमधला खरा बिघाड झाकला जातो. जुना स्विच हातात घेऊनच दुकानात जा, आणि आकडा जुळल्याशिवाय पैसे देऊ नका.