पत्ता पक्का, तर प्रिंट पक्की!

कॉम्प्युटर नेटवर्क हा विषय आपण परीक्षेपुरता वाचतो आणि पेपर झाला की विसरतो. पण त्यातलीच एक छोटी गोष्ट एटापल्लीसारख्या ठिकाणी एखाद्याचा अख्खा दिवस वाचवू शकते.

माझे मामा तिकडे आपले सरकार सेवा केंद्र चालवतात. तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर. प्रिंटर एकाच कॉम्प्युटरला जोडलेला, बाकीचे दोन त्याच्या पत्त्यावर प्रिंट पाठवतात. जूनमध्ये ॲडमिशनसाठी जातीचा, उत्पन्नाचा दाखला घ्यायला लोक लांबून येतात. नेमकी तेव्हाच लाईन जाते, परत येते, आणि प्रिंटर सापडेनासा होतो. मग मामांचा फोन, "काल तर चालू होता, आज काऊन नाही चालत?" इकडे रांगेतल्या बाईची एसटी निघून गेली की आजची रोजी बुडते आणि उद्याचीही.

असं का होतं?

नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला आयपी ॲड्रेस, म्हणजे पत्ता लागतो. बहुतेक ठिकाणी तो राउटर वाटतो. या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. हा पत्ता मालकीचा नसतो, ठरावीक मुदतीच्या भाड्याचा असतो. लाईन गेली की बऱ्याच साध्या राउटरमधली वाटपाची यादी पुसली जाते. मग तोच नंबर एखाद्या मोबाईलने आधी पटकावला, तर प्रिंटरवाल्या कॉम्प्युटरला दुसरा घ्यावा लागतो. बाकीचे दोघे मात्र जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतात!

पत्ता कसा वाचायचा?

आपल्याकडे पेपरात वाघाची बातमी आली की वनपरिक्षेत्र आणि कक्ष क्रमांक दिलेला असतो ना? तसंच इथे. १९२.१६८.१.५० मध्ये पहिले तीन आकडे म्हणजे परिक्षेत्र, शेवटचा ५० म्हणजे कक्ष. परिक्षेत्र कुठे संपतं हे सबनेट मास्क (२५५.२५५.२५५.०) सांगतो. गेटवे म्हणजे वन तपासणी नाका. बाहेर जाणारी प्रत्येक गाडी तिथूनच जाणार. तो बहुधा राउटरचाच पत्ता असतो. आणि वेबसाईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देतो तो डीएनएस.

१९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९६ च्या आरएफसी १९१८ नुसार खासगी नेटवर्कसाठी राखीव आहेत. म्हणून तोच नंबर चंद्रपुरातही चालतो आणि एटापल्लीतही, भांडण होत नाही.

कृती (विंडोज १० आणि ११)

आपला विभाग मराठी, म्हणून आज्ञा देवनागरीत देते आहे. टाईप करताना इंग्रजी अक्षरं वापरा. 'नेटश' म्हणजे एन, ई, टी, एस, एच.

१. स्टार्टमध्ये 'सीएमडी' लिहा, राईट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा. नाहीतर पत्ता बदलायची परवानगीच मिळत नाही.

२. आधी सध्याची माहिती बघा:
आयपीकॉन्फिग /ऑल
कार्डाचं नाव, मास्क, गेटवे, डीएनएस कागदावर उतरवून घ्या.

३. राउटर कुठले नंबर वाटतो ते त्याच्या सेटिंगमध्ये पहा. समजा १०० ते १९९. मग आपण त्याबाहेरचा ५० घेऊ. तो कुणी वापरतंय का, हे बघा:
पिंग १९२.१६८.१.५०
त्या पत्त्यावरून उत्तर आलं तर दुसरा नंबर घ्या. काही यंत्रं पिंगला उत्तरच देत नाहीत, म्हणून दिलेल्या पत्त्यांची यादी वहीत ठेवलेली बरी. एकच नंबर दोघांना दिला तर दोघेही अडतात.

४. आता पत्ता पक्का करा. क्रम असा: पत्ता, मास्क, गेटवे.
नेटश इंटरफेस आयपीव्ही४ सेट ॲड्रेस नेम="इथरनेट" स्टॅटिक १९२.१६८.१.५० २५५.२५५.२५५.० १९२.१६८.१.१

५. डीएनएस विसरू नका. नाहीतर प्रिंट निघेल, पण वेबसाईट उघडणार नाही.
नेटश इंटरफेस आयपीव्ही४ सेट डीएनएससर्व्हर्स नेम="इथरनेट" स्टॅटिक १९२.१६८.१.१ प्रायमरी

६. गेटवेला पिंग करून खात्री करा. मग बाकीच्या दोन कॉम्प्युटरवर प्रिंटर नव्या पत्त्याने एकदा जोडा. झालं काम!

पुन्हा पहिल्यासारखं करायचं असेल तर चौथ्या आणि पाचव्या आज्ञेत 'नेम'पर्यंतचा भाग तसाच ठेवून पुढे फक्त सोर्स=डीएचसीपी लिहा.

माऊसने होत नाही का?

होतं की! पण विंडोज बदललं की सेटिंगच्या जागा बदलतात, आणि तुटक रेंजमध्ये फोनवर "आता कुठं क्लिक करू?" हे समजावता समजावता जीव जातो. आज्ञेची ओळ मात्र एक-एक अक्षर सांगता येते, कागदावर लिहून भिंतीला चिकटवता येते. पुढच्या वेळी मामांना आपली वाट बघावी लागत नाही.

एक सूचना: गावोगाव फिरणाऱ्या लॅपटॉपला असा पत्ता देऊ नका, दुसऱ्या नेटवर्कवर तो अडेल. ज्याच्याकडे बाकीचे काम पाठवतात, त्याच यंत्राला द्या.

सुट्टीत गावी जाल तेव्हा तिथल्या सेवा केंद्रात किंवा ग्रामपंचायतीत एकदा विचारून बघा, लाईन गेल्यावर प्रिंटर हरवतो का? हरवत असेल तर हे पान सोबत न्या. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि ते जूनच्या आधी झालेलं बरं.