स्थळांचे नकाशे आणि त्यांचीं नांवें

शाळेच्या कचेरींत एक जाड, कापडी बांधणीचें पुस्तक असतें. त्यास जनरल रजिस्टर म्हणतात. मुलगा किंवा मुलगी शाळेंत दाखल होतांच तिला त्यांत एक क्रमांक मिळतो, आणि तो पुढें कधींही बदलत नाहीं. मुलीचें लग्न झालें, आडनांव बदललें, गांव बदललें, आणि तीस वर्षांनीं ती दाखल्याची नक्कल मागावयास आली, तरी त्या एका क्रमांकावरून कारकून दोन मिनिटांत तिचें पान काढून देतात. या पुस्तकाची आठवण आम्हांस एका अगदीं निराळ्या कामांत झाली, आणि ती उशिरा झाली. तें काम कोणतें व उशिरामुळें काय गमावलें, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें म्हणून हा लेख.

सुटीच्या दिवशीं नववीच्या मुलामुलींना घेऊन आसपासच्या गांवांतील जुने अवशेष पाहावयाचे व त्यांची नोंद करावयाची, असा क्रम आम्हीं कांहीं वर्षें ठेविला आहे. आपल्या सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत अशा स्थळांना तोटा नाहीं. लिंब येथील बारा मोटांची विहीर, कऱ्हाडजवळील आगाशिवाच्या डोंगरांतील बौद्ध लेणीं, पाटेश्वर, दंडोबाचा डोंगर, हीं सर्वांना ठाऊक आहेत. परंतु वेशीबाहेर अर्धे पुरलेले वीरगळ, शेताच्या बांधावरील सतीशिळा, गाळानें बुजलेल्या बारवा यांची गणती कोणी केली आहे? मुलांजवळ फोन असतो. तो अक्षांश-रेखांश सांगतो. ते आंकडे संगणकांत क्यूजीआयएस नांवाच्या विनामूल्य प्रोग्रॅममध्यें घातले कीं नकाशा तयार होतो. एकेका स्थळामागें अशा पांच-दहा फाईली सहज जमतात: ठिकाणाचा बिंदू, आवाराची रेषा, जुन्या नकाशाची छापील प्रत यंत्रानें टिपलेली, हातानें काढलेला आराखडा, छायाचित्रें.

आतां आमची चूक. एका वाडीजवळ ओढ्याच्या कांठीं तीन वीरगळ होते. दोन शेजारीं शेजारीं, तिसरा थोडा दूर, बाभळीखालीं. आम्हीं तिन्हींची नोंद केली आणि फाईलीचें नांव ठेविलें ‘नवा नकाशा’. पुढच्या खेपेस ‘नवा नकाशा दोन’, मग ‘शेवटचा’, मग ‘शेवटचा खरा’. हंसूं नका, तुमच्या घरच्या संगणकांतही असें एखादें नांव निघेल. दीड वर्षानें तेथील रस्ता रुंद झाला. गांवकऱ्यांनीं तिन्ही दगड काळजीपूर्वक उचलून देवळाच्या ओट्यापाशीं ठेविले. त्यांतील तिसरा दगड आपल्या पूर्वजाचा, असें सांगणारे एक वृद्ध गृहस्थ आमच्याकडे आले. दगड मूळ जेथें होता तेथें वर्षांतून एकदां नारळ फोडण्याची त्यांच्या घराण्याची चाल होती. नव्या रस्त्यामुळें ती जागा त्यांना ओळखेना. आम्हीं मोठ्या विश्वासानें संगणक उघडला. ‘शेवटचा खरा’ यांत दोनच बिंदू होते. कोणा मुलानें जुनी प्रत नवीवर ठेविली होती, व तसें करण्यास आम्हींच त्यास सांगितलें होतें. छायाचित्र तरी असेल म्हणून पाहिलें, तों तें व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलें. त्या मार्गानें छायाचित्र पाठविलें कीं त्याच्या पोटांतील ठिकाणाचे आंकडे गळून जातात, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें. गृहस्थ रागावले नाहींत. “असूं द्या मास्तर,” म्हणाले, आणि गेले.

त्यानंतर आम्हीं पहिला विचार केला तो असा, कीं फाईलीला गांवाचें नांव द्यावें म्हणजे घोटाळा होणार नाहीं. थोड्याच दिवसांत ध्यानांत आलें कीं गांवाच्या नांवाइतकी चंचल वस्तु दुसरी नाहीं. कऱ्हाडाचेंच पाहा. भारहुत येथील स्तूपाच्या लेखांत करहकट येथील दात्यांचा उल्लेख आहे, व तें कऱ्हाडच असें विद्वान मानतात. पुढील लेखांत करहाटक येतें. आज कोणी कऱ्हाड लिहितो, कोणी कराड. बरें, कऱ्हाड असेंच सर्वांनीं लिहावें असें ठरविलें, तरी त्यांतील ‘ऱ’ हें अक्षर संगणकांत दोन प्रकारांनीं सांठविलें जातें: एक सबंध अक्षर म्हणून, दुसरें ‘र’ आणि त्याखालीं टिंब असें जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखींच दिसतात. यंत्राला तीं दोन निराळीं नांवें वाटूं शकतात. दोन मुलांनीं एकाच नांवानें ठेविलेल्या फाईली शोधतांना एक सांपडावी व दुसरी सांपडूं नये, याचें कारण आम्हांस आठवडाभर उमगलें नव्हतें.

मग जिल्हा तरी स्थिर असेल? तेंही नाहीं. १८८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरांत तासगांव, वाळवें, खानापूर हे तालुके साताऱ्याचे आहेत. हेन्री कझिन्स यांनीं मुंबई इलाख्यांतील प्राचीन अवशेषांची जी यादी १८९७ सालीं सिद्ध केली तींतही जिल्हे त्या काळचेच. सांगली, मिरज, जत, औंध हीं तर संस्थानें होतीं. १९४९ सालीं सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले. १९६० सालीं दक्षिण साताऱ्याचा सांगली जिल्हा झाला. कडेगांव आणि पलूस हे तालुके त्याहूनही अलीकडचे. ज्या कुंडलच्या डोंगरांत लेणीं आहेत तें कुंडल औंध संस्थानांत होतें. आज तें पलूस तालुक्यांत, सांगली जिल्ह्यांत आहे. डोंगर मात्र जागचा हललेला नाहीं. इस्लामपूरचें नांव ईश्वरपूर करण्याचा निर्णय राज्य सरकारनें २०२५ सालीं जाहीर केला, हें तर आपल्या डोळ्यांसमोरचें आहे.

याहून अवघड गोष्ट कोयनेकांठची. धरणाच्या जलाशयाखालीं जीं गांवें गेलीं, त्यांतील लोक दुसरीकडे जाऊन वसले आणि पुष्कळांनीं गांवाचें नांव आपल्या सोबत नेलें. आतां जुन्या कागदांत त्या नांवाच्या गांवीं देऊळ आहे असें वाचून कोणी आज त्या नांवाच्या गांवीं गेला, तर त्याला देऊळ कोठून दिसणार? शेतकरी पालकांना याचाच दुसरा नमुना घरीं सांपडेल. जमिनींचें एकत्रीकरण झालें तेव्हां सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजोबांच्या कागदांतील नंबरानें आज शेत सांपडत नाहीं.

या ठिकाणीं आम्हांस जनरल रजिस्टर आठवलें. आम्हीं वर्गांत ठरविलें कीं प्रत्येक स्थळास एक क्रमांक द्यावा, आणि त्या क्रमांकाला कांहींच अर्थ नसावा. हें शेवटचें वाक्य मुलांना प्रथम पटलें नाहीं. क्रमांकाच्या आधीं साताऱ्यासाठीं ‘सा’ व सांगलीसाठीं ‘सां’ लावूं, असें बहुमत होतें. एका विद्यार्थिनीनें विचारलें, “१९४८ सालीं ही वही केली असती, तर विट्याला आपण काय लाविलें असतें?” प्रश्न तेथेंच मिटला. आतां आमच्या वहींत केवळ ‘स्थळ ००१’ येथपासून आरंभ होतो. आधींचीं शून्यें शोभेसाठीं नाहींत; शब्दकोशाप्रमाणें मांडणी करणारें यंत्र १ च्या नंतर १० आणि मग २ असा क्रम लावितें, शून्यें घातलीं कीं क्रम नीट राहतो. एकदां दिलेला क्रमांक परत घ्यावयाचा नाहीं, स्थळ नष्ट झालें तरी दुसऱ्यास द्यावयाचा नाहीं. मध्येंच नवें कांहीं सांपडलें तर सर्वांचे क्रमांक हलवावयाचे नाहींत. अजिंठ्यास १५ व १६ या लेण्यांच्या दरम्यान एक लहान लेणें मागाहून उजेडांत आलें, त्यास ‘१५ अ’ म्हटलें गेलें; शेजारच्या लेण्यांचे क्रमांक तसेच राहिले, म्हणून जुनीं पुस्तकें अजून उपयोगी पडतात.

गांवाचें आजचें नांव, जुनीं नांवें, लोक काय म्हणतात, तालुका, संस्थान, गट नंबर, हें सर्व वहींतील रकान्यांत जातें; तेथें कितीही बदल होवोत. फाईलीच्या नांवांत चारच गोष्टी येतात: स्थळाचा क्रमांक, आंत काय आहे तें एका शब्दांत, पाहणीचा दिवस, आणि कितवी आवृत्ति. उदाहरणार्थ ‘०३१_बिंदू_२०२४-११-१६_०२’. आम्ही तें रोमन लहान अक्षरांत लिहितों, कारण कांहीं जुने प्रोग्रॅम देवनागरीची दशा करून टाकितात. येथें वाचकांसाठीं आपल्या लिपींत दिलें आहे. वर्ष आधीं, मग महिना, मग दिवस, म्हणजे फाईली आपोआप काळाच्या क्रमानें लागतात. दिवस पाहणीचाच लिहावा. फाईलीवर यंत्र जी तारीख दाखवितें ती नकल करतांना बदलूं शकते. ‘नवा’, ‘शेवटचा’, ‘बरोबर’ हे शब्द आमच्या वर्गांत आतां बंद आहेत.

जुन्या नकाशांविषयीं थोडें अधिक सांगितलें पाहिजे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या पद्धतीप्रमाणें पन्नास हजारांत एक या प्रमाणाच्या प्रत्येक पानास स्वतःचा क्रमांक आहे. कऱ्हाड ४७ के/३ या पानावर, सांगली व मिरज ४७ एल/९ या पानावर. सातारा शहर ७४ अंशांच्या रेखेलगत असल्यामुळें त्याचा परिसर ४७ जी व ४७ के अशा दोन गटांत विभागला जातो. पान टिपून ठेवतांना हाच क्रमांक व छपाईचें वर्ष नांवांत घालावें. ‘सातारा नकाशा’ म्हणून भागत नाहीं. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर लोकांसाठीं निराळी मालिका निघाली. तिचे क्रमांक निराळे, आणि पृथ्वीच्या आकाराचें धरलेलें मापही निराळें. जुन्या पानावरील अक्षांश-रेखांश जसेच्या तसे फोनच्या नकाशावर घातले, तर आपल्या भागांत शंभराहून अधिक मीटरांचा फरक पडतो. शंभर मीटरांत एक अख्खी बारव हरवते. म्हणून आंकडे कोणत्या मापाचे, हें वहींत लिहिलेंच पाहिजे. दशांशाचीं स्थळेंही कापूं नयेत: दोनच स्थळें ठेविलीं तर एक किलोमीटरपर्यंतचा संशय राहतो, चार ठेविलीं तर दहा-अकरा मीटरांचा.

ज्यास शेपफाईल म्हणतात ती नांवानें एक, पण वस्तुतः अनेक फाईलींचें कुटुंब आहे: एकींत आकार, दुसरींत माहितीचा तक्ता, तिसरींत अनुक्रम, चवथींत वरील माप. एकट्या आकाराची फाईल पेनड्राइव्हवर घालून आणणारा विद्यार्थी दरवर्षीं एक तरी निघतो. तक्त्यांतील रकान्यांचीं नांवें दहा अक्षरांत बसवावीं लागतात, हीही तिची अडचण. आम्ही आतां जिओपॅकेज नांवाचा प्रकार वापरतों. त्यांत सर्व एकाच फाईलींत राहतें.

मूळ फाईलीवर कोणी लिहावयाचें नाहीं. काम प्रतीवर करावयाचें, आणि एक प्रत शाळेबाहेर दुसऱ्या घरीं ठेवावयाची. सुट्या मूर्ति जेथें उघड्यावर आहेत, तेथील नेमके आंकडे कोणासही पाठवावयाचे नाहींत. चोरांनाही नकाशा वाचतां येतो. आणि जमीन उकरावयाची नाहींच. अकल्पित कांहीं सांपडलें तर १८७८ च्या निखात निधि कायद्याप्रमाणें तें जिल्हाधिकाऱ्यांस कळवावयाचें असतें.

त्या तीन वीरगळांस आम्हीं ०३१ क, ख व ग असे क्रमांक दिले आहेत. गेल्या हिंवाळ्यांत त्या वृद्ध गृहस्थांस, त्यांच्या नातवास व ज्या मुलीनें पहिल्या दिवशीं टेप धरली होती तिला बरोबर घेऊन आम्ही ओढ्यावर पुन्हां गेलों. बाभूळ नाहीं, बांध नाहीं. पण मुलीच्या जुन्या वहींत पुलाच्या कठड्यापासून मोजलेलीं पावलें पेन्सिलीनें लिहिलेलीं निघालीं. वृद्ध गृहस्थ थोडे पुढें, मुलीचीं पावलें थोडीं मागें, असें झालें. ०३१ ग याच्या मूळ जागेच्या रकान्यांत आतां एका बिंदूऐवजीं एक वर्तुळ आहे, आणि त्यापुढें लिहिलें आहे: पंचवीस मीटरांच्या आंत, दोघांच्या सांगण्यावरून.