रहमतीचा महिना

विद्यार्थी मित्रांनो, कोल्हापूरहून मिरजेकडे रेल्वेने निघालात की वाटेत जयसिंगपूर लागते. राजर्षी शाहू महाराजांनी ही पेठ वसवली आणि आपले जन्मदाते वडील जयसिंगराव घाटगे यांचे नाव तिला दिले. सरळ रस्ते आणि त्यांना काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या. गल्ल्यांना नावांऐवजी आकडे. एरवी संध्याकाळी येथे उसाच्या दराच्या आणि पावसापाण्याच्या गोष्टी चालतात. रमजानमध्ये मात्र सूर्य कलला की हातगाड्यांवर खजूर, केळी आणि कलिंगडाच्या फोडी दिसू लागतात. रोजा असलेला दुकानदार घड्याळाकडे पाहतो. शेजारच्या दुकानातले काका रोजा धरत नाहीत, पण तेही घड्याळ पाहून म्हणतात, "चाचा, अजून पाच मिनिटं आहेत. तुम्ही निघा, मी बघतो गिऱ्हाईक."

माझे बालपण याच गावात गेले. आज तुम्हांला रमजानविषयी सांगायचे आहे. सहरी, इफ्तार, तरावीह यांची माहिती तुम्हांला घरीच मिळते, ती पुन्हा सांगत नाही. मला बोलायचे आहे ते एका शब्दाविषयी. तो शब्द म्हणजे रहमत.

या महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग मानण्याची आपल्याकडे रीत आहे. पहिला रहमतीचा, दुसरा मगफिरतीचा म्हणजे क्षमेचा आणि तिसरा नरकापासून सुटकेचा. क्षमा आणि सुटका यांच्याही आधी रहमत येते. मराठीत रहमतीला दया म्हणतात, कृपाही म्हणतात. पण मला विचाराल तर 'माया' हा शब्द तिच्या अधिक जवळचा आहे. अरबी भाषेत ज्या धातूपासून रहमान आणि रहीम ही अल्लाहची नावे झाली, त्याच धातूपासून आईच्या गर्भाशयाला 'रहिम' हा शब्द आला. मराठीत आपण आईची दया म्हणत नाही, आईची माया म्हणतो. कुरआनच्या ११४ सूरहपैकी एक सोडून सर्वांच्या आरंभी बिस्मिल्लाह आहे, आणि तिच्यात ही दोन्ही नावे आहेत. म्हणजे वाचणाऱ्याला आधी ही माया भेटते, आज्ञा नंतर येते.

ही माया रोज्याच्या आज्ञेतही दिसते. सूरह अल-बकरामध्ये रोजे फर्ज केले आहेत. तेथेच सांगितले आहे की जो आजारी असेल किंवा प्रवासात असेल, त्याने तेवढे दिवस पुढे भरून काढावेत. अल्लाहला तुमच्यासाठी सोपेपणा हवा आहे, अडचण नको, असा तेथला आशय आहे. ज्याला पुढेही रोजा झेपणार नाही, त्याने एका रोज्याबद्दल एका गरिबाला जेवू घालावे. लहान मुलांवर तर रोजा फर्जच नाही. पाहा, आज्ञा आणि सवलत एकाच ठिकाणी, जवळजवळ एकाच श्वासात आली आहे.

हे मला आठवीत असताना ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर ठाऊक होते, पण कळले नव्हते.

ते १९९० साल होते. रमजान मार्चच्या अखेरीस सुरू झाला होता. ऊन मी म्हणत होते आणि वार्षिक परीक्षा डोक्यावर होती. मी एकही रोजा सोडला नव्हता आणि त्याचा मला फार अभिमान वाटत होता. एके दिवशी मधल्या सुट्टीत माझ्या बाकावरचा मित्र पाण्याच्या माठामागे उभा राहून घाईघाईने पाणी पिताना मला दिसला. मी सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडलो, "रोजाखोर!" मुले हसली. त्याच्या हातातला पेला तसाच राहिला. तो काही बोलला नाही. दुपारनंतर तो वर्गात बसलाच नाही.

संध्याकाळी इफ्तारला ही गोष्ट मी मोठ्या फुशारकीने घरी सांगितली. दादीने हातातला खजूर खाली ठेवला. त्या मुलाला नुकतीच कावीळ झाली होती आणि डॉक्टरांनी त्याला उपाशी राहू नको, भरपूर पाणी पी, असे बजावले होते. हे तिला त्याच्या आईकडून कळले होते. ती म्हणाली, "अल्लाहने त्याला सवलत दिली. ती काढून घेणारा तू कोण?"

मी गप्प झालो. मग म्हणालो, "आज तरावीहनंतर दुवा मागतो. अल्लाह माफ करील."

"अल्लाहचं काय बुडवलंस तू?" दादी म्हणाली. "ज्याचं बुडवलंस त्याच्या घरी जा."

मित्रांनो, आपल्या आलिम लोकांनी हक्कांचे दोन भाग केले आहेत. हुकूकुल्लाह म्हणजे अल्लाहचे हक्क आणि हुकूकुल इबाद म्हणजे माणसांचे हक्क. अल्लाहच्या हक्कात चूक झाली, तर मनापासून तौबा करावी. त्याची रहमत अपार आहे. पण माणसाचे मन दुखावले किंवा पैसे बुडवले, तर आधी त्या माणसाची भरपाई करावी लागते, त्याच्याकडे क्षमा मागावी लागते. दादी शाळेत गेलेली नव्हती, पण हा भेद तिला पक्का माहीत होता.

मी लगेच गेलो, असे मात्र समजू नका. उपाशी राहणे मला सोपे जात होते. त्याच्या दारात जाणे जमत नव्हते. रोज 'उद्या' म्हणता म्हणता ईद आली. ईदच्या सकाळी नमाजनंतर मी त्याच्या घरी गेलो. पाठ केलेले वाक्य ऐन वेळी आठवेना. "त्या दिवशी..." एवढेच कसेबसे म्हणालो. त्याने माझ्याकडे पाहिले. "इतिहासाची वही आणलीस का? माझे दोन धडे राहिलेत," तो म्हणाला. त्याच्या आईने शीरखुर्म्याची वाटी माझ्या हातात दिली. त्या वर्षी मी नवे कपडे घातले होते, पण नवे झाल्यासारखे वाटले ते वही आणायला घराकडे धावताना.

रमजानमध्ये देण्याघेण्याच्या ज्या रीती आहेत, त्या याच मायेच्या आहेत. ज्याच्याजवळ साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी एवढी शिल्लक वर्षभर राहते, त्याने तिचा चाळिसावा भाग जकात म्हणून द्यायचा. शंभराला अडीच रुपये. फितरा तर ईदच्या नमाजआधीच द्यायचा, घरातल्या प्रत्येकामागे सुमारे पावणेदोन किलो गहू किंवा तेवढी रक्कम. आधी का? तर गरिबाच्या घरीही त्याच सकाळी चूल पेटावी म्हणून.

जयसिंगपूरपासून जवळच इचलकरंजी हे यंत्रमागांचे शहर आहे. २०२० चा रमजान कोरोनाच्या टाळेबंदीत आला. माग थांबले होते आणि मशिदी बंद होत्या. लोक तरावीह घरीच पढत होते. त्या महिन्यात इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने सणाचा खर्च आवरला आणि ३६ लाख रुपये जमवले. त्यांतून तेथील आयजीएम रुग्णालयात १० खाटांचा अतिदक्षता विभाग उभा राहिला. २५ मे २०२० रोजी, ईदच्या दिवशी, तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी मुंबईहून दूरदृश्य यंत्रणेद्वारे त्याचे उद्घाटन केले. बाजारात त्या वर्षी ईदची गर्दी नव्हती. नवे कपडे न घेता अनेक घरांनी ईद केली. खाटा मात्र कोणा एका धर्माच्या रुग्णांसाठी नव्हत्या. श्वास अडकलेल्या कोणत्याही माणसासाठी होत्या. ज्यांना रोज्यातून सवलत मिळते, त्या आजाऱ्यांसाठीच रोजेदारांनी आपली ईद खर्च केली, हे मला फार मोलाचे वाटते.

चंद्राच्या वर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. सुमारे ३३ वर्षांत तो सगळे ऋतू फिरून येतो. २०३० साली तर तो दोनदा सुरू होईल, एकदा जानेवारीत आणि एकदा डिसेंबरात. तेव्हा थंडी असेल, दिवस लहान असतील, आणि आपल्या भागात ऊसतोडणी जोरात चालू असेल. शाळेत पाणी पिणारेही कोणी असतीलच. कोणाला ताप असेल, कोणी औषध घेत असेल. कोणाला कारण सांगावेसे वाटणार नाही. माझा तो मित्र आज जयसिंगपुरातच राहतो. रमजानमध्ये गावी गेलो की इफ्तार आम्ही बरोबर करतो. पाण्याचा पहिला पेला तो माझ्याकडे सरकवतो आणि हसतो. माठाचे नाव आम्ही दोघेही काढत नाही.