फवारणी पंपाचा स्पार्क प्लग : काढण्याची व बसविण्याची योग्य पद्धत

पिकावर किडीचा प्रादुर्भाव वाढलेला असतो, औषधाचे द्रावण तयार असते आणि नेमका त्याच वेळी पाठीवरचा पेट्रोल पंप चालू होत नाही. अशा वेळी पुष्कळदा दोष स्पार्क प्लगमध्ये असतो. प्लग स्वस्त आहे. परंतु घाईने तो काढताना किंवा तिरपा बसविताना सिलिंडर हेडचे आटे खराब झाले, तर दुरुस्तीचा खर्च प्लगच्या कितीतरी पट होतो. कारण हेड ॲल्युमिनियमचे म्हणजे मऊ धातूचे असते. म्हणून पुढील पद्धत अवलंबावी.

प्लग काढताना

१) इंजिन बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावे. गरम हेडमधून प्लग काढल्यास आटे खरवडले जातात व हातही भाजतो.

२) पंपावर औषधाचे अंश असतात. त्यामुळे पंप आधी पुसून घ्यावा, हातमोजे वापरावेत व काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत. काम उघड्या हवेत करावे. जवळ विडी, काडी किंवा चूल नसावी.

३) प्लगची टोपी धरून ओढावी, वायर धरून ओढू नये.

४) प्लगभोवतीची माती ब्रशने साफ करावी. नाहीतर प्लग निघताच ती सिलिंडरमध्ये पडून पिस्टनला चरे पाडते.

५) योग्य मापाचा प्लग पाना पूर्ण व सरळ बसवून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवावा. प्लग घट्ट असल्यास जोर लावू नये. बुडाशी गंज सोडविणाऱ्या तेलाचे थेंब टाकून थोडा वेळ थांबावे व नंतर थोडे मागेपुढे फिरवीत काढावा. काढल्यावर छिद्रावर स्वच्छ फडके ठेवावे.

प्लग काय सांगतो ?

टोकाचा रंग फिकट तपकिरी असल्यास इंजिन ठीक आहे. कोरडी काळी काजळी असल्यास एअर फिल्टर चोंदलेला असतो किंवा पेट्रोल जास्त येते. टोक तेलकट ओले असल्यास टू-स्ट्रोक इंजिनात तेलाचे प्रमाण जास्त झाले असण्याची शक्यता असते. पांढरट, भाजल्यासारखे टोक इंजिन जास्त तापत असल्याचे दर्शविते. मूळ कारण दूर न करता केवळ प्लग बदलल्यास नवा प्लगही लवकर खराब होतो. चिनी मातीचा भाग तडकलेला किंवा टोक झिजलेले असल्यास मात्र प्लग बदलावाच.

प्लग बसविताना

१) माहितीपुस्तिकेत दिलेल्या क्रमांकाचाच प्लग घ्यावा. आट्यांची लांबी जास्त असलेला प्लग पिस्टनवर आदळू शकतो.

२) दोन टोकांमधील अंतर फीलर गेजने तपासावे. लहान इंजिनांत ते बहुधा ०.६ ते ०.७ मि.मी. असते, तरी पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा. अंतर कमीजास्त करताना फक्त बाजूचे टोक वाकवावे.

३) प्लग बोटांनी छिद्रात सरळ धरून आधी उलट दिशेने हळू फिरवावा. आटे जुळल्याचे जाणवताच सुलट फिरवावा. वायसर टेकेपर्यंत प्लग बोटांनीच फिरला पाहिजे. मध्येच अडल्यास तो तिरपा बसला आहे असे समजून काढावा व पुन्हा लावावा.

४) त्यानंतरच पाना वापरावा. नवा, वायसर असलेला प्लग सुमारे अर्धा फेरा व जुना प्लग पाव फेऱ्यापर्यंत आवळावा. ढिला प्लग दाब सोडतो व तापतो. अति आवळलेला प्लग आटे तोडतो.

५) शेवटी टोपी घट्ट दाबून बसवावी.

ठिणगी तपासण्यासाठी प्लग हातात धरून स्टार्टरची दोरी ओढू नये. विजेचा झटका बसतो आणि छिद्रातून उडणारी पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते.

फवारणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी एकदा प्लग तपासावा आणि एक नवा प्लग व पाना पंपासोबत ठेवावा. त्यामुळे ऐन हंगामात फवारणी खोळंबणार नाही.