चित्रपटातील आरेखनकला : तंत्रज्ञान आणि कलावंताचा हक्क

भारतीय चित्रपटाचा इतिहास कॅमेऱ्याइतकाच कुंचल्याचा व छपाईयंत्राचाही आहे. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित करणारे दादासाहेब फाळके मुद्रणव्यवसायातून चित्रपटाकडे वळले. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके स्वतः रंगवीत. मुंबईत चित्रपटांचे फलक रंगविणारे मकबूल फिदा हुसेन पुढे जगप्रसिद्ध झाले; परंतु या व्यवसायातील बहुसंख्य कारागीर अनामच राहिले.

तंत्रज्ञानातील स्थित्यंतर

१९९० च्या दशकापासून संगणकीय आरेखन व फ्लेक्स छपाईचा प्रसार झाला. अनेक दिवसांच्या श्रमांचे काम काही तासांत होऊ लागले आणि फलक रंगविणाऱ्यांचा रोजगार घटला. त्याच वेळी दृश्यपरिणामांचे नवे क्षेत्र उदयास आले. ‘बाहुबली’च्या दोन भागांत (२०१५ व २०१७) माहिष्मती नगरीचा मोठा भाग संगणकावर साकारला गेला.

अॅनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग व कॉमिक्स या क्षेत्रासाठी २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात कृतिदलाची घोषणा झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मुंबईत राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र स्थापण्यास मान्यता दिली.

कायद्याची चौकट

स्वामित्वहक्क कायदा, १९५७ मधील कलम १७ नुसार, वेगळा करार नसल्यास, मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राचा प्रथम हक्क ते काढवून घेणाऱ्याकडे, तर नोकरीत केलेल्या कामाचा हक्क नियोक्त्याकडे जातो. मात्र कलम ५७ अन्वये, हक्क हस्तांतरित झाल्यानंतरही कर्तृत्वाचे श्रेय मागण्याचा आणि प्रतिष्ठेस बाधक विकृतीकरण रोखण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो. चित्रपटाचा ‘कर्ता’ मात्र कायद्याने निर्माता असतो, दिग्दर्शक नव्हे.

या तरतुदीचे महत्त्व ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट झाले. ‘रांझणा’ (२०१३) या चित्रपटाची तमिळ आवृत्ती कृत्रिम बुद्धिमत्तेने शेवट बदलून पुन्हा प्रदर्शित झाली. दिग्दर्शक आनंद एल. राय व अभिनेते धनुष यांनी त्यास जाहीर आक्षेप घेतला. कलावंतांच्या नैतिक अधिकारांसाठी २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३८ख समाविष्ट झाले असले, तरी दिग्दर्शकाला तसे संरक्षण नाही.

निष्कर्ष

फ्लेक्सने कारागिराचे काम हिरावले. कृत्रिम बुद्धिमत्ता त्याच्या शैलीचीही नक्कल करू शकते. म्हणून प्रशिक्षण केंद्रांबरोबरच श्रेयनामावलीत नोंद, लेखी करार आणि कृतीत बदल करण्यापूर्वी संमती या बाबींनाही धोरणात स्थान मिळाले पाहिजे. कौशल्यविकास आणि हक्करक्षण ही सर्जनशील अर्थव्यवस्थेची परस्परपूरक अंगे आहेत.